कोबीच्या मळ्यात पडलेले रॉकेट

रॉकेट उडवण्याचा छंद अमेरिकेत हजारो लोकांना आहे. हातभर लांबीची पुठ्ठ्याची रॉकेटे उडवून हात बसला, की त्यांतले काही जण मोठ्या रॉकेटांकडे वळतात. त्या प्रकाराला तिकडे ‘हाय-पॉवर’ म्हणतात. पहिले किट घरी येते तेव्हा खोक्यात फार काही नसते. जाड पुठ्ठ्याची किंवा फायबरग्लासची लांब नळी, प्लॅस्टिकचे निमुळते टोक, प्लायवूडचे तीन-चार पंख, मोटर बसवण्यासाठी आतली लहान नळी, तिला मधोमध धरणाऱ्या लाकडी चकत्या, पॅराशूट आणि त्याची लांब दोरी. इपॉक्सीने हे सगळे जोडायला काही संध्याकाळी पुरतात. मोटर मात्र घरी करायची नाही, ती तयारच घ्यायची, असा कडक दंडक आहे. मग एखाद्या सुटीच्या दिवशी मोकळ्या माळावर, जाणत्यांच्या देखरेखीखाली ते रॉकेट उडवायचे. ते सरळ वर गेले, पॅराशूट उघडले आणि रॉकेट धडपणे खाली आले, तर पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र मिळते. असे रॉकेट हजार-दोन हजार फूट सहज गाठते.

द्रव इंधनावर उडालेले जगातले पहिले रॉकेट वजनाने या किटच्याच जातीचे होते. रिकामे असताना ते तीन किलोंच्या आतच भरे. ते ४१ फूट उंच गेले आणि अडीच सेकंदांत कोबीच्या मळ्यात कोसळले. ते बनवणारा माणूस तेव्हा ४३ वर्षांचा होता, आणि डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला असता तर त्याला जाऊन तेरा वर्षे झाली असती.

रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर या शहरात झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. जंतू सापडला, पण त्याला मारणारे औषध सापडायला आणखी साठ वर्षे लागायची होती. गॉडर्ड यांचे सगळे आयुष्य या दोन टोकांच्या मधल्या काळात गेले, आणि त्यांच्या घराला या रोगाने दोनदा गाठले.

लहानपणी रॉबर्टची प्रकृती तोळामासा होती. सर्दी-खोकला, फुप्फुसाच्या आवरणाची सूज, पोटाच्या तक्रारी यांत शाळा वारंवार बुडायची. बरोबरीच्या मुलांच्या तो दोन वर्षे मागे पडला. घरात बसून वाचायचे आणि काहीबाही करून पाहायचे, हाच त्याचा उद्योग झाला. वडील यंत्रांच्या व्यवसायातले, हौशी. त्यांनी मुलाला दुर्बीण दिली, सूक्ष्मदर्शक दिला, विज्ञानाच्या मासिकाची वर्गणी भरली. रॉबर्ट सोळा वर्षांचा होण्याच्या सुमारास आईला क्षय झाल्याचे निदान झाले आणि बॉस्टनला गेलेले कुटुंब वूस्टरला परतले. त्याच सुमारास एच. जी. वेल्स यांची मंगळावरच्या स्वारीची कादंबरी त्याच्या हाती पडली.

१९ ऑक्टोबर १८९९ रोजी सतरा वर्षांचा रॉबर्ट घरामागच्या चेरीच्या झाडावर वाळक्या फांद्या छाटायला चढला. वर बसून समोरच्या शेताकडे पाहताना मंगळापर्यंत जाईल असे एखादे यंत्र करता आले तर, हा विचार त्याच्या डोक्यात शिरला. झाडावरून उतरलो तो वेगळा मुलगा होऊन उतरलो, असे त्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहिले. ही तारीख ते वाढदिवसासारखी पाळत. वेडगळ वाटावी अशी गोष्ट आहे खरी. पण त्या मुलाने मंगळाचा नाद धरला तो गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करून, हे विसरता येत नाही. आजारपणामुळे शालेय शिक्षण पूर्ण व्हायला एकविसावे वर्ष उजाडले. वूस्टरच्याच तंत्रशिक्षण संस्थेतून १९०८ मध्ये पदवी, क्लार्क विद्यापीठातून १९११ मध्ये डॉक्टरेट, आणि मग संशोधनासाठी प्रिन्स्टन.

१९१३ च्या सुरुवातीला प्रिन्स्टनमध्ये ते आजारी पडले. वूस्टरला आणून तपासले तर दोन्ही फुप्फुसांत क्षय. आता काही आठवड्यांचेच सोबती, असे डॉक्टरांनी घरच्यांना सांगितले. त्या काळी उपचार म्हणजे अंथरूण, चौरस आहार आणि उघडी हवा. रोग्याला ऊन-थंडीत गुंडाळून बाहेर ठेवायचे आणि शरीर स्वतः झुंज देते का, ते पाहायचे. अनेकांचे शरीर हरत असे. गॉडर्ड यांचे हळूहळू सावरले. उन्हाळ्याच्या तोंडाशी दिवसाला तासभर टिपणे काढण्याची मुभा मिळाली. त्या एकेका तासात त्यांनी विद्यार्थिदशेपासून साठवलेल्या कल्पना नीट मांडून काढल्या. मार्चमध्ये मरणाचा निरोप घेऊन आलेल्या माणसाने ऑक्टोबरमध्ये पहिल्या पेटंटचा अर्ज केला आणि पुढच्या मे महिन्यात दुसऱ्याचा. जुलै १९१४ मध्ये आठवड्याच्या अंतराने दोन्ही मंजूर झाली. एकात रॉकेटावर रॉकेट चढवण्याची म्हणजे अनेक टप्प्यांची कल्पना होती, दुसऱ्यात द्रव इंधनाची. आज उपग्रह वर नेणारे जवळजवळ प्रत्येक मोठे रॉकेट या दोन कल्पनांवर चालते.

आजारातून उठल्यावर त्यांनी सर्वांत आधी काय केले, तर मोजमाप. दारूचे रॉकेट शेकडो वर्षे वापरात होते. मराठी फौजांत बाणदार असत, म्हैसूरच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांनी इंग्रजांना हैराण केले होते. पण दारूत असलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जा खरोखर बाण पुढे ढकलायला लागते, याचे काटेकोर उत्तर कोणापाशी नव्हते. गॉडर्ड यांनी बाजारातली रॉकेटे आणि जहाजांवरची इशाऱ्याची रॉकेटे आणून तपासली. उत्तर निघाले सुमारे दोन टक्के. बाकी सगळी ऊर्जा उष्णतेत आणि धुरात वाया.

उपाय त्यांना वाफेच्या टर्बाइनमध्ये दिसला. स्वीडनचे अभियंते गुस्ताफ दे लावाल यांनी टर्बाइनसाठी वापरलेली तोटी आधी अरुंद होत जाते आणि मग पुन्हा फाकते. पात्र अरुंद झाले की पाणी वेगाने धावते, हे नदीकाठच्या माणसाला ठाऊक असते. वायूचेही तसेच. पण वायूचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला, की पुढे गणित उलटते. आता वाट रुंद होत गेली, तर वायू पसरताना आणखी वेग घेतो. गॉडर्ड यांनी पोलादी कोठीत चांगल्या प्रतीची दारू भरून तिला असे नॉझल बसवले. धुराचा झोत सेकंदाला सात हजार फुटांहून अधिक वेगाने बाहेर पडू लागला आणि कार्यक्षमता साठ टक्क्यांच्या पुढे गेली. रॉकेटला चंद्रापर्यंत पोहोचवणारी खरी उडी ही होती, आणि ती वूस्टरच्या एका प्रयोगशाळेत जमिनीवरच घेतली गेली. हौशी मंडळी आज जी मोटर विकत आणतात, तिच्या तळाशी असलेली चिमुकली तोटीही याच आकाराची असते.

दुसरा प्रश्न निर्वात पोकळीचा होता. हवाच नसेल तर रॉकेट रेटा कशावर देणार, असे भले भले विचारत. गॉडर्ड यांनी हवा काढून घेतलेल्या भांड्यात रॉकेटचे इंजिन पेटवून ढकल मोजली. ती कमी तर झाली नाहीच, उलट किंचित वाढली. होडीत उभे राहून जड दगड मागे फेकला, तर होडी पुढे सरकते. दगड कशावर आपटतो याच्याशी त्याचा संबंध नसतो, तो फेकण्याशी असतो. हवा मध्ये नसली तर वायूला बाहेर पडायला अडथळा कमी, एवढाच फरक.

प्राध्यापकाच्या पगारात हे सगळे भागत नव्हते. १९१६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले आणि पुढच्या वर्षी पाच हजार डॉलरचे अनुदान मिळाले. मग युद्ध आले. नळीतून सोडता येणारे हलके रॉकेट त्यांनी सैन्यासाठी तयार केले आणि नोव्हेंबर १९१८ च्या पहिल्या आठवड्यात अधिकाऱ्यांपुढे ते उडवून दाखवले. नळी टेकवायला वादकांचा संगीताचे कागद ठेवायचा स्टँड वापरला होता. प्रयोग उत्तम झाला आणि त्याच आठवड्यात युद्धच थांबले. हत्यार बासनात गेले. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांवर डागली जाणारी बझूका याच कल्पनेतून आली, आणि तिच्यामागे गॉडर्ड यांचे तेव्हाचे सहकारी क्लॅरेन्स हिकमन होते.

जानेवारी १९२० मध्ये स्मिथसोनियनने त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. ६९ पानांचा, समीकरणांनी आणि तक्त्यांनी भरलेला. हवामानाची उपकरणे फुग्यांपेक्षा उंच कशी नेता येतील, हा त्याचा विषय. शेवटी शेवटी एक उदाहरण म्हणून त्यांनी हिशेब मांडला होता, की पुरेसे मोठे रॉकेट चंद्राच्या काळोख्या भागावर आपटवून तिथे मॅग्नेशियमची भुकटी पेटवली, तर तो चमकारा पृथ्वीवरून दुर्बिणीने दिसेल. वृत्तपत्रांनी नेमके तेवढेच उचलले. वूस्टरचा प्राध्यापक चंद्रावर निघाला, अशी बातमी देशभर झाली आणि सोबत जायला तयार असलेल्यांची पत्रेही येऊ लागली. १३ जानेवारीला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीय स्फुटात त्यांची टर उडवली. पोकळीत रेटा द्यायला काही नसते, हे शाळकरी पोरांना कळते ते या प्राध्यापकाला कळत नाही, असा त्याचा रोख होता. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी प्रयोगाने मोजून काढले होते, नेमका त्यावरच हा टोमणा होता.

गॉडर्ड मुळातच अबोल. या प्रकारानंतर ते अधिकच मिटले. काम बंद दाराआड, सहकारी मोजके, निकाल फक्त पैसे देणाऱ्या संस्थेला. या स्वभावाची किंमत पुढे मोजावी लागली.

दारू सोडून द्रव इंधनाकडे ते १९२१ पासून पूर्णपणे वळले. पेट्रोल जाळायला द्रवरूप प्राणवायू हवा, आणि तो उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या नुसत्या स्पर्शाने काही धातू काचेसारखे ठिसूळ होतात, झडपा गोठून बसतात. तेथून हातभर अंतरावर इंजिनात जी आग पेटते, ती धातू वितळवते. या दोन टोकांना एका हलक्या सांगाड्यात नांदवायचे, आणि तेही ठरावीक दाबाने, ठरावीक प्रमाणात दोन्ही द्रव मिसळत. चार-पाच वर्षे इंजिने जळत राहिली. याच काळात, जून १९२४ मध्ये, क्लार्क विद्यापीठाच्या कार्यालयात काम करणाऱ्या एस्थर किस्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांची टिपणे टंकलिखित करणे, हिशेब ठेवणे, प्रयोगांची छायाचित्रे आणि चित्रफिती घेणे, रॉकेट पडून गवत पेटले तर विझवणे, हे सगळे एस्थर यांनी अंगावर घेतले. नवऱ्याच्या छातीची काळजी तर होतीच.

१६ मार्च १९२६. वूस्टरजवळच्या ऑबर्न गावात, दूरच्या नात्यातल्या एफी वॉर्ड यांचे शेत. जमिनीवर बर्फ होते. हजर माणसे चारच: गॉडर्ड, एस्थर, यंत्रकाम करणारे हेन्री सॅक्स आणि भौतिकशास्त्राचे सहकारी पर्सी रूप. पाइपांच्या सांगाड्यात ते दहा फूट उंचीचे रॉकेट उभे होते. त्याला आज पाहिले तर रॉकेट म्हणावेसे वाटणार नाही. ना नळी, ना टोक, ना पंख. दोन बारीक लांब नळ्या, वरच्या टोकाला इंजिन आणि खाली दोन टाक्या. म्हणजे ज्वाला वरून निघून टाक्यांच्या दिशेने खाली येणार. टाक्यांवर म्हणून शंकूच्या आकाराची टोपी बसवली होती.

इंजिन वर का, तर ओझे खाली लोंबते ठेवले की रॉकेट सरळ राहील, ही समजूत. तिच्यात चूक होती. लंबक सरळ राहतो कारण त्याला वरून पक्की खुंटी असते. रॉकेटचे इंजिन ही खुंटी नव्हे. रॉकेट कलले की इंजिनही त्याच्याबरोबर कलते आणि त्याच तिरक्या दिशेने ओढत राहते. रॉकेट स्थिर राहते ते वेगळ्याच कारणाने. त्याचा गुरुत्वमध्य पुढे हवा आणि वाऱ्याचा जोर एकवटतो तो बिंदू मागे. मग रॉकेट तिरके झाले तरी वारा त्याची शेपूट ढकलून त्याला पुन्हा वाटेवर आणतो. दिवाळीतल्या बाणाची लांब काडी हेच काम करते, वातकुक्कुटही याच तत्त्वावर फिरतो. पहिले किट बनवणाऱ्याला आज हेच आधी शिकवले जाते. पंख चिकटवून, मोटर भरून रॉकेट बोटावर तोलायचे, तोल साधेल तिथे पेन्सिलीने खूण करायची, आणि ती खूण वाऱ्याच्या बिंदूपासून नळीच्या निदान एका व्यासाइतकी पुढे आहे ना, हे पाहायचे. नसेल तर टोकात वजन घालायचे. गॉडर्ड यांनीही लवकरच इंजिन खाली आणले.

दुपारी अडीचच्या सुमारास सॅक्स यांनी लांब काठीला बांधलेल्या ब्लोटॉर्चने इंजिन पेटवले. आवाज झाला, ज्वाला निघाली, आणि रॉकेट जागचे हलले नाही. इंजिनाचा जोर वजनापेक्षा थोडासा कमी पडत होता. इंधन जळून वजन उतरत गेले तेव्हा काही सेकंदांनी ते उचलले गेले, वाढत्या वेगाने ४१ फूट चढले, तिरके झाले आणि १८४ फुटांवर कोबीच्या गारठलेल्या मळ्यात जाऊन आदळले. सरासरी वेग ताशी ६० मैल. एस्थर यांच्या हातात किल्लीवर चालणारा कॅमेरा होता. त्याची कमान सात सेकंदच चाले, आणि रॉकेट हलण्याची वाट पाहण्यातच ती उतरली. त्यामुळे त्या उड्डाणाची चित्रफीत नाही. वर्तमानपत्रांनाही काही सांगितले गेले नाही. चौघांनी तुकडे गोळा केले आणि घरी नेले. काही भाग पुढच्या रॉकेटसाठी पुन्हा वापरायचे होते.

१७ जुलै १९२९ रोजी त्याच शेतावरून उडालेल्या मोठ्या रॉकेटात तापमापक, हवेचा दाब मोजणारे उपकरण आणि छोटा कॅमेरा होता. आवाज एवढा झाला की विमान कोसळले समजून शेजाऱ्यांनी फोन केले, रुग्णवाहिका धावल्या, पत्रकार आले. मॅसॅच्युसेट्समध्ये यापुढे उड्डाण करायचे नाही, असा अग्निशमन अधिकाऱ्यांचा हुकूम निघाला. पण या बोभाट्यातून एक चांगले झाले. अटलांटिक एकट्याने पार करणाऱ्या चार्ल्स लिंडबर्ग यांच्या वाचनात ती बातमी आली. त्यांनी वूस्टरला येऊन गॉडर्ड यांची भेट घेतली आणि गुगेनहाइम या धनाढ्य घराण्याकडे शब्द टाकला. १९३० मध्ये वर्षाला २५ हजार डॉलर मिळण्याची व्यवस्था झाली.

गॉडर्ड दांपत्य न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला गेले. निरभ्र आकाश, विस्तीर्ण माळ, मैलोन्मैल माणूस नाही, आणि क्षयातून वाचलेल्या फुप्फुसांना मानवणारी कोरडी हवा. मदतीला सॅक्स, एस्थर यांचे भाऊ आणि दोन-तीन कारागीर. मधली दोन वर्षे मंदीमुळे पैसे थांबले तेवढी सोडली, तर १९४१ पर्यंत काम तिथेच चालले. आता रॉकेटला नळी होती, टोक होते, पंख होते, पॅराशूट होते. वाऱ्याने दिशा चुकली तर फिरत्या भोवऱ्याच्या आधारे, म्हणजे जायरोस्कोपने, झोतातली पाती हलवून रॉकेटला सरळ करायची योजना १९३२ मध्ये प्रत्यक्ष उड्डाणात आली. मार्च १९३५ मध्ये एक रॉकेट ४८०० फुटांवर गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये लिंडबर्ग आणि हॅरी गुगेनहाइम मुद्दाम पाहायला आले, तेव्हा दोन्ही दिवशी उड्डाण फसले. पॅराशूट तर वारंवार दगा देई. कधी उघडत नसे, कधी फाटून जाई. हाय-पॉवर छंदातल्या लोकांना ही दुखणी अगदी ओळखीची आहेत.

२६ मार्च १९३७ रोजी त्यांचे सर्वांत उंच गेलेले रॉकेट आठ ते नऊ हजार फुटांवर पोहोचले. म्हणजे पावणेतीन किलोमीटरही नाही. हवेच्या वरच्या थरांत उपकरणे न्यायची, हे १९२० च्या अहवालातले स्वप्न त्यांच्या हातून पुरे झाले नाही. इंजिन थंड ठेवणे, हलके पंप, दिशा सांभाळणे, हे सगळे भाग त्यांनी सुटे सुटे जमवले, पण ते एकत्र आणून मोठे रॉकेट उभारायला लागणारी माणसे त्यांनी कधी जमवलीच नाहीत. १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातले तरुण संशोधक फ्रँक मलिना रॉझवेलला येऊन गेले. गॉडर्ड यांनी पाहुणचार केला, इंजिनाचे तपशील दाखवले नाहीत. मलिना आणि त्यांच्या मित्रांनी पुढे स्वतःची वाट काढली, आणि त्यातूनच जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. चेष्टेने दुखावलेल्या माणसाचे हे वागणे समजते; त्यातला तोटा मात्र त्यांच्याच कामाचा झाला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला त्यांच्या दूरच्या रॉकेटांत रस नव्हता. नौदलासाठी ॲनापोलिस येथे विमानांना उड्डाणात जोर देणारी इंजिने करण्याचे काम मिळाले. समुद्राकाठची दमट हवा त्यांना सोसली नाही. १९४५ च्या वसंतात जर्मनांकडून हस्तगत केलेल्या व्ही-२ रॉकेटचे भाग त्यांच्यासमोर आले. १४ मीटर उंचीचे, साडेबारा टनांचे ते रॉकेट. त्यात द्रवरूप प्राणवायू होता, पंप होते, जायरोस्कोप होता, झोतातली पाती होती. आपल्याच कल्पना चोरल्या गेल्या, असे त्यांना वाटले. जर्मन अभियंते बहुतांशी स्वतःच्या वाटेने तिथे पोहोचले होते, असाच इतिहासकारांचा कल आहे. रॉझवेलला पाच-सहा माणसे होती, पेनेम्युंडेला हजारो. आणि व्ही-२ च्या कारखान्यात छळछावणीतले कैदी मरेपर्यंत राबवले जात होते, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

तोपर्यंत त्यांचा आवाज बसला होता. निदान झाले घशाच्या कर्करोगाचे. १० ऑगस्ट १९४५ रोजी, नागासाकीवर बॉम्ब पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. वय ६२. क्षयाने दिलेल्या मुदतीवर ३२ वर्षे त्यांनी वाढवून घेतली होती. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले खरे औषध दोनच वर्षांपूर्वी सापडले होते आणि त्याच्या रोग्यांवरच्या चाचण्या नुकत्या सुरू होत्या.

एस्थर यांनी नवऱ्याच्या वह्या, रेखाटने आणि चित्रफिती बाहेर काढल्या आणि पेटंटचे अर्ज करत राहिल्या. गॉडर्ड यांच्या नावावर एकूण २१४ पेटंट आहेत. त्यांतली १३१ त्यांच्या मृत्यूनंतर मंजूर झालेली. १९६० मध्ये अमेरिकी सरकारने या पेटंटांच्या वापरापोटी दहा लाख डॉलर मोजले. त्याआधीच्या वर्षी नासाने आपल्या एका मोठ्या केंद्राला गॉडर्ड यांचे नाव दिले होते.

जुलै १९६९ मध्ये चंद्राकडे निघालेल्या तिघांपैकी बझ ऑल्ड्रिन यांचे वडील एकेकाळी क्लार्क विद्यापीठात गॉडर्ड यांचे विद्यार्थी होते. अपोलो-११ उडाले १६ जुलैला. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आतल्या पानावर छोटीशी दुरुस्ती छापली: रॉकेट पोकळीतही चालते हे आता नक्की झाले असून १९२० च्या चुकीबद्दल वृत्तपत्राला खेद आहे, अशा आशयाची. गॉडर्ड यांना जाऊन तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती. एस्थर हयात होत्या.